पक्के दात

निलंगा,
५ सप्टेंबर २०२३

दादा, तुला साखराचा नमस्कार.

राखी बांधून परवा सुखरूप पोहोचले. नांदेडपासून लातूरपर्यंत बसायला जागा मिळाली, पुढे निलंग्यापर्यंत उभ्यानेच आले. तुझ्या दारातून निघताना मी रडत होते ते तू पाहिलंस. तुझ्या सुनेला, बबिताला वाटलं मी सगुणावहिनीच्या आठवणीने रडते. वहिनीची आठवण होतीच, पण रडण्याचं कारण ते नव्हतं.

रेल्वेच्या नोकरीत तुझे कान गेले तेव्हापासून तुला दोनच माणसांची तोंडं वाचता येतात, वहिनीचं आणि माझं. वहिनी गेली. राहिले मी. आणि या वेळी मी समोर बसून सावकाश बोलत होते आणि तू नुसता माझ्या तोंडाकडे बघत होतास. लेकाची खुशाली सांगताना मी म्हणाले, "दयानंद बरा हाय," आणि तू म्हणालास, "हाव, पाऊसच न्हाई, सोयाबीन वाळून चाललं." तीनदा सांगितलं. मग तू नुसती मान हलवायला लागलास. तुला काही समजलेलं नाही हे मला समजत होतं.

दोष माझ्या तोंडाचा आहे. दात पडल्यापासून ओठ आत गेलेत. कवळी लावली तर बोलता बोलता ती जागची हलते, ओठ एकीकडे आणि कवळी दुसरीकडे. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांना गाणी शिकवली, त्या तोंडाची ही गत झाली. दयानंद म्हणतो, लातूरला पक्के दात बसवून मिळतात. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवतात आणि वरून दात. हलत नाहीत, काढावे लागत नाहीत. त्रेसष्टाव्या वर्षी हे सोंग करावं का, तू सांग. मोबाईलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून हे पत्र. मलाही कागदावरच सुचतं.

तू दिलेली मिश्री पुरवून वापरते. अंगणात तीन दगडांवर तवा ठेवून तू तंबाखू भाजत होतास आणि बबिता आत खोकून खोकून बेजार झाली होती. तिला बिचारीला मिश्रीने दात घासायची सवय नाही, तिला काय गोडी कळणार.

तुझी साखरा


मुदखेड,
२० सप्टेंबर २०२३

साखरे, आशीर्वाद.

दात बसव. हे पत्र इथेच संपवलं तरी चालेल, पण तिकीट लावलंय तर थोडं वसूल करतो.

भाकरी खाता यावी म्हणून बसव असं मी म्हणत नाही. भाकरी काय, दुधात कुस्करूनही जाते. माझा स्वार्थ आहे. या घरात सगळी माणसं चांगली आहेत, पण मला तोंड कोणाचंच दिसत नाही. पोरगा बोलतो ते मोटारसायकलीला किक मारता मारता. बबिता बोलते ते चुलीकडे बघून. जेवायला बोलवायचं तर पाठीवर थाप मारतात, म्हशीला मारतात तशी. मी रागावत नाही. पण वर्षभर माझ्याशी कोणी पूर्ण वाक्य बोललेलं नाही. तू येशील तेव्हा बोलशील, या एका गोष्टीवर मी होतो. या वेळी तू समोर बसलीस आणि मला तुझ्या ओठांवरचं काही लागेना, तेव्हा माझे कान पुन्हा एकदा गेले असं वाटलं. खोटं कशाला लिहू.

म्हातारपणी नटते म्हणून निलंग्याच्या बाया नाकं मुरडतील. मुरडू देत.

मिश्री संपायच्या आधी कळव. तुझ्या लग्नात आईने पितळेच्या डबीत भरून दिली तेव्हापासून माहेरची मिश्री तुला कधी कमी पडली नाही. आई गेली, सगुणाने भाजली. सगुणा गेली, मी भाजतो. पुरुषाने मिश्री भाजलेली या गल्लीत कोणी पाहिली नव्हती. बाया हसतात असं बबिता हातवाऱ्यांनी सांगते. मला ऐकू येत नाही हे किती बरं.

देविदास


लातूर,
८ डिसेंबर २०२३

दादा,

झालं. परवा खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. सुई टोचली तेवढं दुखलं, नंतर सगळं तोंड लाकडाचं. मी दयानंदकडेच आहे. तो डाळ मिलमधून दुपारी सुट्टी काढून आला होता आणि बाहेर बाकावर माझ्यापेक्षा जास्त घाबरून बसला होता. आरती सून म्हणून मला मिळाली हे माझं नशीब, पातळ खीर करून चमच्याने भरवते. नात सृष्टी म्हणते, आजी आता तुझ्या तोंडात लोखंड आहे, विमानतळावर पकडतील. आपल्याला कोण नेतंय विमानतळावर.

दवाखाना काचेचा आहे, चपला बाहेर. डॉक्टरीण लहान वयाची, पण हात हलका. आधी तिथल्या एका पोरीने सगळं विचारून घेतलं. शुगर आहे का, बीपी आहे का. मग म्हणाली, "मावशी, तंबाखू, गुटखा, काही खाता का?" मी म्हणाले, "न्हाई गं बाई, आमच्या घरात तंबाखूला कोन शिवत न्हाई. मालकांनी उभ्या जन्मात बिडी धरली न्हाई हातात." आणि तिला सांगितलं, अंगणवाडीतून गुटख्याविरुद्धची फेरी मीच काढायचे, पोरांच्या हातात फलक देऊन. ती म्हणाली, असेच पेशंट पाहिजेत.

आता हाडाने स्क्रू घट्ट धरायला काही महिने लागतात. धरले की वरून दात. तोपर्यंत मऊ खायचं आणि डॉक्टरीण म्हणाली, "तोंड एकदम साफ ठेवायचं." ते मी मनावर घेतलंय. एरवी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायचे, आता जेवण झालं की प्रत्येक वेळी लावते. त्यामुळे तुझी डबी तळाला गेली. दवाखान्यात जायच्या दिवशी मात्र पेस्टने घासून, चुळा भरून जाते. काळं तोंड घेऊन त्या काचेच्या दवाखान्यात बसायची मला लाज वाटते.

तुला समोर बसवून पहिली काय गोष्ट सांगायची ते मी ठरवून ठेवलंय. ती पत्रात लिहिणार नाही.

साखरा


मुदखेड,
२२ डिसेंबर २०२३

साखरे,

वैजनाथ गुरुजी मुलाकडे लातूरला निघालेत, त्यांच्याजवळ डबा देतोय. या खेपेला चांगलं काळं पान मिळालं. मंद आचेवर सावकाश भाजलंय, जळकट वास नाही, आणि सगुणाच्या चाळणीने दोनदा चाळलंय. एक कचकचता कण सापडला तर मला शिव्या घाल.

हिरड्या ठणकतात असं दयानंदने माझ्या पोराला फोनवर सांगितलं म्हणे. गोळ्या डॉक्टर देईल त्या घे. पण रात्री निजताना चिमूटभर मिश्री त्या जागी दाबून ठेव, ठणका ओसरतो. आईची दाढ दुखायची तेव्हा ती हेच करायची. तुला आठवत नसेल, तू तेव्हा परकरात होतीस.

तोंड जप. ते आता तुझ्या एकटीचं नाही.

देविदास


निलंगा,
२ जुलै २०२४

दादा,

दात आले. मधल्या काळात पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला काही नव्हतं, नुसती वाट होती. आता आहेत. वर कवळी आणि खाली पक्के. जीभ लावून लावून बघते, हलतच नाहीत. घरी आल्यावर दार लावून आरशासमोर बसले आणि तुझं नाव घेतलं. दादा. देविदास. मुदखेड. ओठ पुन्हा जागेवर आलेत. मग वेड्यासारखं बाराखडी म्हणत बसले, शेजारची उमादेवी दारावर थाप मारून विचारायला लागली, कोण आलंय म्हणून.

काल भाजलेलं कणीस खाल्लं. डॉक्टरीण ओरडेल, पण खाल्लं.

एका बाजूची हिरडी थोडी सुजते आणि घासताना रक्त येतं. नव्या चपलेचं असतं तसं असेल, अंगवळणी पडेल. तू सांगितलंस तशी रात्री मिश्री दाबून ठेवते, बधिर होऊन झोप लागते. तुझा डबा नसता तर हे महिने निघाले नसते.

राखीला येते. तू फक्त उजेडाकडे तोंड करून बसायला जागा तयार ठेव.

साखरा


मुदखेड,
२७ ऑगस्ट २०२४

साखरे,

तू गेलीस आणि मी बाजेवर तसाच बसून राहिलो. बबिताने चहा ठेवला तो गार झाला. तिला वाटलं मला बरं नाही. तिला कसं सांगू की मला बऱ्याच दिवसांनी पोटभर झालंय.

सगळं लागलं. एक शब्दसुद्धा पुन्हा विचारावा लागला नाही. दयानंदच्या मालकाची नक्कल, उमादेवीचं भांडण, सृष्टीला डॉक्टर व्हायचंय आणि तिला रक्त बघवत नाही ते, सगळं. मी मोठ्याने हसलो, म्हणून समोरच्या घरातली पोरं बाहेर येऊन बघायला लागली. हा म्हातारा हसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि सगुणाचं. नांदेडच्या दवाखान्यात तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिचे ओठ त्या प्लास्टिकमागे हलत होते आणि मला काही दिसत नव्हतं. शेवटी ती काय म्हणाली, हे दोन वर्षं माझ्या डोक्यात फिरत होतं. पोराला विचारलं तर तो म्हणाला, काही नाही, बाबा. तू तेव्हा तिच्या उशाशी होतीस. तू परवा सांगितलंस, ती म्हणाली, "ह्यांच्या म्होरं बसून कुनीतरी बोलत जावा गं." साखरे, हेच तू पत्रात लिहिलं असतंस तर मला वाटलं असतं, माझ्या समाधानासाठी रचलंस. कागदाला काय, काहीही लिहिता येतं. तू तोंडाने सांगितलंस. सांगताना तुझी हनुवटी थरथरली, म्हणून मला ते खरं मानता आलं. त्या रात्री मी रडलो आणि गाढ झोपलो.

भाऊबीजेला मीच आलो असतो, पण तूच ये. इथे या बाजेवर तुझं तोंड बघायची मला सवय आहे. मिश्रीचा नवा डबा भरून ठेवतो.

देविदास


लातूर,
३० ऑक्टोबर २०२४

दादा,

नमस्कार. मी दयानंदकडे आहे. भाऊबीजेला येणं जमणार नाही. सृष्टीचे क्लास चालू आहेत, आरती एकटी पडते. ओवाळणी पोस्टाने पाठवू नकोस, आल्यावर घेईन.

दात छान आहेत. खाणंपिणं व्यवस्थित आहे.

मिश्री सध्या पाठवू नकोस, भरपूर शिल्लक आहे. वाया जायला नको म्हणून सांगते, दुसरं काही नाही.

थंडीत कानाला रुमाल बांधत जा.

साखरा


मुदखेड,
१२ जानेवारी २०२५

साखराबाई,

बाई म्हणतो, कारण आता तुम्ही लातूरच्या झालात. भाऊबीजेला बबिताने पाट मांडला होता, मी सांगितलं उचल. दिवाळीनंतर गुरुजींबरोबर मिश्रीचा डबा पाठवला. मिळाला, एवढंसुद्धा लिहिलं नाहीस. संक्रांत तोंडावर आली. दात आल्यावर भावाला विसरलीस, असं मी इथे चेष्टेने सगळ्यांना सांगत होतो. आता चेष्टा करावीशी वाटत नाही.

माहेरची मिश्री नको म्हणणारी बाई मी पाहिलेली नाही. आपल्याकडे एकच वेळी बाई तसं म्हणते, माहेराशी बोलणं तोडायचं असतं तेव्हा. माझं काय चुकलं? मी जोरात हसलो ते चारचौघांत बरं दिसलं नाही का? माझा पोरगा दयानंदला फोनवर काही उलटं बोलला का? माझ्या कानावर काही येत नाही, त्यामुळे या घरात काय बोललं जातं ते मला कधीच कळत नाही.

या महिनाअखेर मी लातूरला येतो. नको म्हणू नकोस. समोर बसव, आणि काय राग असेल तो तोंडाने सांग. तुझं तोंड मला कळतं.

देविदास


लातूर,
१८ जानेवारी २०२५

मामा, नमस्कार.

मी आरती, तुमच्या भाच्याची बायको. तुमचं पत्र आईंनी वाचलं आणि पदराखाली धरून दिवसभर बसून राहिल्या. उत्तर लिहायला घेतात आणि फाडतात. तुम्ही येणार म्हणून लिहिलंत, म्हणून त्यांना न सांगता मी लिहितेय. तुम्ही दारात येऊन अचानक बघण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आईंच्या तोंडात आता खालचे दात नाहीत. ऑक्टोबरमध्ये एक स्क्रू हलायला लागला, मग दुसरा. दिवाळीनंतर चारही निघाले. त्या बोलतात ते आम्हालासुद्धा निम्मं समजतं. भाकरी दुधात कुस्करून खातात, तीही अर्धी. सृष्टीच्या क्लासचं खोटं होतं. आईंना तुमच्यासमोर तसं तोंड घेऊन बसायचं नव्हतं.

आता जे लिहिते ते लिहू की नको, मला कळत नव्हतं. पण तुम्ही डबे पाठवता, म्हणून लिहायला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी भाजी घ्यायला गंजगोलाईत गेलो होतो. तिथे त्यांना कळ आली, म्हणून परस्पर दवाखान्यात गेलो. घरून तोंड धुऊन निघायला सवड मिळाली नाही. मॅडमनी तोंड उघडायला लावलं आणि थांबल्या. म्हणाल्या, "मावशी, हे काळं काय आहे?" आई म्हणाल्या, "मिश्री हाय की. तोंड साफ ठेवा म्हनलात ना." मॅडमनी विचारलं, मिश्री कशाची करतात. आईंनी सांगितलं, तंबाखू भाजून. सांगता सांगता त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. मामा, त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. मीही तेरा वर्षं त्यांना मिश्री लावताना बघते, माझी आईसुद्धा लावते. ती तंबाखू आहे हे माझ्याही डोक्यात कधी आलं नाही. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आम्हीच मिश्रीचं वेगळं विचारायला पाहिजे होतं.

तंबाखूने हिरडी आणि हाड भरून येत नाही असं त्या म्हणाल्या. हाड स्क्रू धरायला बघत होतं आणि आपण दिवसातून चार वेळा वर तंबाखू चोळत होतो. आता नवे स्क्रू घालायला हाड उरलेलं नाही, आणि कवळी टेकायला हिरडीला उंची नाही. यांनी दुसऱ्या दोन दवाखान्यांत दाखवलं. तिथेही तेच सांगितलं. आता काही करता येणार नाही.

आईंनी त्या दिवसापासून मिश्री बंद केली. तुमचे डबे मात्र त्यांनी टाकू दिले नाहीत. आम्हाला सांगून ठेवलंय, "दादाला कळू द्यायचं न्हाई. त्यानं मायेनं भाजलंय. कळलं तर तो अन्न सोडंल." मी त्यांचा शब्द मोडलाय. तुम्ही जरूर या, पण त्यांना याविषयी काही विचारू नका, एवढी विनंती.

आरती


मुदखेड,
९ फेब्रुवारी २०२५

साखरे,

काल परत आलो. तुला एक सांगायचं राहिलं. मी तुझ्याकडे आलो तेव्हा आरतीचं पत्र माझ्या खिशात होतं. तिच्यावर रागावू नकोस. तिने तुझा शब्द मोडला, पण माझ्यावर उपकार केले.

मी तिथे काही विचारलं नाही, कारण मला हळू बोलता येत नाही. मी विचारलं असतं तर दयानंदच्या सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असतं. म्हणून मी हवापाण्याचं बोललो. तू तोंडाला पदर लावून बसली होतीस. मी म्हणालो, पदर काढ. तू काढलास आणि बोलायला लागलीस. मी उजेड तुझ्या तोंडावर पडेल असा सरकून बसलो. मी फार बघितलं, साखरे. एक अक्षर लागलं नाही. मधे तुझे ओठ थरथरले, तेव्हा तू हसतेस की रडतेस, तेही मला कळेना. जिचं तोंड मला सगुणाच्या तोंडाएवढं पाठ होतं, तिचं रडणंसुद्धा ओळखता येत नाही. मग सृष्टीने तुझ्या हातात वही दिली आणि तू लिहून दाखवलंस, "हाड कच्चं निघालं, वयाचं आहे, कोणाचा दोष नाही." मी हाव म्हणालो. खरं मानलं म्हणून नव्हे. तू वहीतून मान वर करत नव्हतीस म्हणून.

घरी आल्यापासून मी तेच धरून बसलोय. आरती लिहिते, मिश्रीने झालं. तू लिहितेस, हाड कच्चं होतं. दोन्ही कागदच. मी कोणाचं तोंड बघून ठरवू? मी ज्या हाताने तवा हलवला त्या हाताने आता जेवताना घास धरवत नाही. बबिताला वाटतं मला काविळीचं काही आहे, ती काढे देते.

म्हणून एकच मागतो. लहानपणी तू माझ्या गळ्याची आण घातलीस की मी तुला पुन्हा विचारायचो नाही, चिंचा चोरल्याचंसुद्धा. तशी आण घालून लिही, की दादा, तुझ्या मिश्रीने झालं नाही. एवढी एक ओळ. ती आली की आरतीचं पत्र मी चुलीत घालीन, आणि दोन घास खाईन, आणि या जन्मात हा विषय काढणार नाही.

देविदास


लातूर,
२१ फेब्रुवारी २०२५

दादा,

पत्र मिळालं. आधी जेव. बबिता जे देईल ते खा, भांडू नकोस. तिला तुझ्याकडे तोंड करून बोलायला मी चिठ्ठी लिहून सांगितलंय. पोरगी वाईट नाही, सांगितलं की करते.

आरतीचं वय लहान आहे. डॉक्टर दहा गोष्टी बोलतात, त्यातली एक तिने धरली. डॉक्टरीण मला काय म्हणाली ते मला माहीत. हाड आधीपासून भुसभुशीत होतं. दोन बाळंतपणं झाली, त्यात दूध-तूप मिळालं नाही, तेव्हाच ते गेलं होतं. पहिल्या दिवसापासून टिकणार नव्हतं. कोणी काही केलं असतं तरी हेच झालं असतं. सगळ्या गावाच्या बाया मिश्री लावतात, त्यांचे काय सगळ्यांचे जबडे गेले? तू उगाच मनाला लावून घेतोस.

मी बरी आहे. दुखत नाही. आता पातळ भाकरी थोडी थोडी चावता येते, काल अर्धी खाल्ली. बोलणं पण सुधारतंय, दयानंदला सगळं समजतं. पुढच्या राखीपर्यंत तुलाही समजेल. नाही समजलं तर आपण दोघं शेजारी शेजारी बसू, बोललंच पाहिजे असं कुठे आहे.

तू लिहायला सांगितलंस ते सगळं लिहिलं. मिश्रीने काही झालेलं नाही. पाहिजे तर आणखी दहा वेळा लिहून पाठवते.

पण मला एकच भाऊ आहे, दादा. तुझ्या गळ्याची आण मी घालणार नाही.

साखरा